त्रिस्तान द कून्हा की आओगाशिमा?

दोन्ही बेटं ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर वसलेली, दोन्हीकडची माणसं एकदा परागंदा होऊन परतलेली. दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तानवर १९६१ मध्ये वस्तीलगतच उद्रेक झाला. सगळे इंग्लंडला गेले, पण १९६३ मध्ये बहुतेकांनी पुन्हा आपली बटाट्याची वावरं गाठली. जपानच्या आओगाशिमावर मात्र १७८५ च्या उद्रेकानंतर गाव पुन्हा नांदायला जवळपास ५० वर्षं गेली.

जायचं तर आओगाशिमा सोपं: शेजारच्या हाचिजोजिमाहून हेलिकॉप्टर (हवा बरी असेल तर!). त्रिस्तानला विमानतळच नाही. केप टाऊनहून आठवडाभर बोटीत.

मला भुरळ आओगाशिमाचीच. तिथे खळग्यात जमिनीतून वाफ निघते, तिच्यावर लोक रताळी नि अंडी उकडतात. समुद्राच्या पाण्याचं मीठही त्याच धगीवर करतात.