'अंडर प्रोसेस': झिरो डेप पॉलिसीचा चौथ्या वर्षीचा अनुभव

क्लेमची वेळ येईपर्यंत माझ्या गाडीची ही झिरो डेप विमा पॉलिसी (म्हणजे पार्ट बदलताना घसारा, जुनेपणाची कपात, न लावणारी) मला झकास वाटायची. ॲप सुटसुटीत, रिन्यूअल पाच मिनिटांत, दिवाळीला न चुकता शुभेच्छा. एवढ्यावर पाच स्टार देणारे बहुधा अजून कुठे धडकलेले नसतात. मी धडकलो, आणि त्यानंतरचे काही महिने या कंपनीला जवळून पाहिलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मित्रांशी बोलल्यावर असं दिसलं की नाव बदललं तरी कहाणी फारशी बदलत नाही.

अपघात साधाच. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते बदनाम एस वळण, वर पाऊस. पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला, मीही दाबला, गाडी घसरली ती कठड्यालाच टेकली. कुणाला लागलं नाही, दुसऱ्या गाडीला धक्का नाही. बंपर, उजवा हेडलाइट, फेंडर, रेडिएटर आणि खाली सस्पेन्शनचा आर्म एवढं गेलं. क्लेम फोनवर रस्त्यावरूनच नोंदवला, नंबर लगेच मिळाला, टो करणारी गाडीही आली. इथवर तक्रारीला जागा नाही.

नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअरही वेळेत आला. शांत माणूस, भराभर फोटो काढले, चासी नंबर तपासला, गेला. खरी गंमत वर्कशॉपने गाडी उघडल्यावर सुरू झाली. समोरून न दिसणारं नुकसान आत निघतंच, मग वर्कशॉप सप्लिमेंटरी एस्टिमेट, म्हणजे वाढीव खर्चाचा अंदाज, बनवतं, सर्व्हेअरने ते पुन्हा पाहायचं असतं आणि कंपनीने मंजूर करायचं असतं. माझं घोडं इथे अडलं. वर्कशॉपचा सल्लागार म्हणे, "सर, अप्रूव्हल आलं की लगेच पार्ट मागवतो." सर्व्हेअर म्हणे, "माझा रिपोर्ट गेलाय." कॉल सेंटर म्हणे, "आपली केस अंडर प्रोसेस आहे." तिघेही गोड बोलायचे आणि गाडी तिथेच उभी. दरम्यान त्याच कंपनीच्या दुसऱ्या विभागातून पॉलिसी रिन्यू करा म्हणून फोन यायचे. त्यांना माझा नंबर बरोबर सापडायचा.

कॉल सेंटरला फोन करण्यात काही अर्थ नाही, या मताला मी लवकर आलो. प्रत्येक वेळी नवा माणूस, त्याच्या स्क्रीनवर तेच दोन शब्द. कामाला आली ती मुदतीची माहिती. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा रिपोर्ट १५ दिवसांत घ्यायचा आणि रिपोर्ट हातात आल्यापासून ७ दिवसांत निर्णय द्यायचा. म्हणजे सगळं एका तारखेवर येऊन थांबतं: सर्व्हेअरचा रिपोर्ट कंपनीला कधी मिळाला? मी ईमेलमध्ये एवढंच विचारलं, आणि रिपोर्टची प्रत मागितली. 'फार मनस्ताप झाला' वगैरे काही लिहिलं नाही. मनस्तापाला साच्यातलं उत्तर येतं, तारीख विचारली की कुणाला तरी फाइल उघडावी लागते.

फाइल उघडली आणि कंपनीकडून नवीन शंका आली: एफआयआर कुठे आहे? ज्या अपघातात कुणी जखमी नाही, दुसरं वाहन नाही, तिथे फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी एफआयआर कशाला, ते मलाच काय, वर्कशॉपवाल्यालाही कळेना. चोरी असती, कुणी जखमी असतं, तर मागणी रास्त. मी उत्तरात दोनच गोष्टी लिहिल्या: पॉलिसीतल्या कोणत्या अटीखाली हे मागताय ते कळवा, आणि कागद नाही म्हणून क्लेम फेटाळता येत नाही असं २०२४ चं परिपत्रक सांगतं, त्याचा खुलासा करा. शंका निघून गेली. अट कोणती, ते मात्र शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

तरीही मंजुरी लांबतच गेली, तेव्हा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. हा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरात असतो. तिथून दखल घेतल्याचा मेल आला, पुढे शांतता. मग नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली (फोनवरून करायची तर १५५२५५). नियामक स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडेच पाठवतो. पण आता तिच्यावर वरून लक्ष असतं. त्या आठवड्यात पहिल्यांदा कंपनीतल्या नाव-हुद्दा असलेल्या एका बाईंनी आपणहून फोन केला. सप्लिमेंटरी एस्टिमेट मंजूर झालं, पार्ट आले, डेंटिंग-पेंटिंग झालं.

आता बिलाचं. झिरो डेप घेतलं होतं म्हणून वाचलो, हे स्पष्ट लिहितो. साध्या पॉलिसीत तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर २५ टक्के घसारा कापतात, प्लास्टिक आणि रबरावर तर गाडी कितीही नवी असो, ५० टक्के. काचेला कपात नाही. हल्लीच्या गाड्यांचं तोंड जवळजवळ सगळं प्लास्टिकचं. बारा हजारांचा बंपर असेल तर सहा हजार सरळ आपल्या खिशातून. माझ्याकडून घसारा कापला नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ठरलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट मात्र गेलीच, ती झिरो डेपमध्येही सुटत नाही. शिवाय कूलंट, एसीचा गॅस, क्लिपा, नट-बोल्ट हे सगळं कन्झ्युमेबल्समध्ये जातं आणि ते कव्हर वेगळं घ्यावं लागतं. माझ्याकडे नव्हतं. 'कॅशलेस'च्या आशेने रिकाम्या हाताने गाडी आणायला जाऊ नये.

वाद सस्पेन्शनच्या आर्मवरून झाला. सर्व्हेअरने तो झिजलेला म्हणून वगळला होता. वर्कशॉपने वाकलेल्या आर्मचे फोटो आणि आधीच्या सर्व्हिसिंगची नोंद दिली, मी ती मेलला जोडली, आणि तो मान्य झाला. वर्कशॉपवाल्यांना लोक शिव्या घालतात, पण या प्रकरणात सर्वात कामाचा माणूस तोच ठरला. जुना पार्ट त्याने टाकून दिला असता तर दाखवायला काहीच उरलं नसतं.

तयारी मी त्यापुढचीही ठेवली होती. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, उलट चालतच नाही. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत आहे. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणं तिथे घेतात, पण एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि तोच वाद आधी ग्राहक आयोगात नेला असेल तर लोकपाल तो घेत नाही. मला जावं लागलं नाही, पण मेलच्या सगळ्या प्रती तारखेनुसार लावलेल्या तयार होत्या.

स्टार द्यायचेच तर कव्हरला चार, सर्व्हेअरला तीन, क्लेम विभागाला एक, तोही शेवटी फोन करणाऱ्या त्या बाईंसाठी. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, अर्थातच शून्यावर आला. या वर्षी दुसरीकडे गेलो. झिरो डेप ठेवलं, कन्झ्युमेबल्स जोडलं, हरवलेल्या किल्लीचं कव्हर काढून टाकलं. जुन्या कंपनीचे रिन्यूअलचे फोन अजून येतात. मी सांगतो, अंडर प्रोसेस आहे.