शिक्का ३१६ चा, माल जे-फोरचा

स्कूबा डायव्हिंगच्या बनावट हार्नेसची ही गोष्ट. आधीच सांगतो, यात कुणी बुडालं नाही, कुणाला लागलं नाही. पैसे गेले आणि मी पाच मित्रांसमोर तोंडघशी पडलो, एवढंच. पण त्या पाचांनी विक्रेत्याच्या नाही, माझ्या शब्दावर पैसे दिले होते, म्हणून हे लिहितोय.

आमचा पुण्यातला सहा जणांचा डायव्हिंगचा ग्रुप आहे, दिवाळी झाली की तारकर्ली-मालवण, जमलं तर कर्नाटकातलं नेत्राणी बेट, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा अंदमान. जॅकेट बीसीडी (अंगात घालायचं हवा भरायचं जॅकेट) सोडून बॅकप्लेट-विंगवर, म्हणजे पाठीवर प्लेट आणि तिला जोडलेली हवेची पिशवी, यावर जायचं ठरलं. प्लेट आणि विंग बाहेरून येणाऱ्या एका मित्राच्या बॅगेतून आल्या, त्यात काही गडबड नाही. राहिला हे सगळं अंगाला बांधणारा हार्नेस. हार्नेस म्हणजे तरी काय, साधारण बारा फूट दोन इंची पट्टा, सलग एकच, प्लेटच्या फटींतून ओवायचा, क्रॉच स्ट्रॅपचा (दोन पायांमधून जाणारा) तुकडा वेगळा, खांद्याला दोन वाकड्या डी रिंग (सामान अडकवायच्या कड्या), डाव्या कमरेला एक सरळ, क्रॉच स्ट्रॅपला दोन, त्या जागेवर धरायला स्टीलचे स्लाइडर आणि पोटावर वेट बेल्टचं बकल. प्लॅस्टिकची क्लिप नाही, तुटण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे, पण पट्टा आणि कड्या खऱ्या असतील तरच ना.

सोशल मीडियावर एकजण दिसला, पूर्ण सेट ५,२०० रुपये, '३१६ मरीन ग्रेड, मिलिटरी नायलॉन'. ३१६ म्हणजे खाऱ्या पाण्यात सहज न गंजणारं स्टेनलेस स्टील. मी पण काही अगदीच बावळट नाही, म्हटलं आधी एक सेट पाठवा, बघतो, आवडला तर अजून पाच घेऊ. हीच माझी हुशारी मला नडली. सॅम्पल आला तो खरोखर एक नंबर होता, पट्टा इतका कडक की हातात आडवा धरला तर वीतभर सरळ उभा राहतो, स्लाइडरमधून ओवताना बोटांची सालटी निघाली, आणि चांगला पट्टा असाच त्रास देतो, नंतर जागचा हलत नाही. डी रिंगवर ३१६ चा शिक्का. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून लावलं, चिकटलं नाही. बाल्कनीत निळ्या काठाच्या चटईवर सगळं मांडून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'पास!' आणि तोच फोटो त्या माणसाला पण पाठवला की भाऊ मस्त माल आहे. पाच जणांचे २६,००० गोळा करून यूपीआयने एकरकमी पाठवले. बारा दिवसांनी पार्सल आलं, तसाच खोका, तसाच शिक्का, पुन्हा मॅग्नेट लावलं, पुन्हा चिकटलं नाही, वाटून टाकलं. पट्टा हाताला जरा गुळगुळीत लागला होता, मेणचट म्हणा, पण म्हटलं नवा आहे.

तारकर्लीला पहिल्याच दिवशी एकाच्या खांद्यावरची डी रिंग डाइव्ह संपेपर्यंत पार बरगड्यांपर्यंत आली. आम्ही हसलो, म्हटलं तुला स्लाइडर ओवता येत नाही. दुसऱ्या दिवशी बॅकरोल मारून, म्हणजे बोटीवरून पाठीमागे पाण्यात पडून, वर आलो तर दुसऱ्याचं बकल सैल, क्रॉच स्ट्रॅप सैल, प्लेट पाठीवरून सरकून सिलेंडरचा व्हॉल्व्ह डोक्याला टेकलेला. विंगमध्ये हवा होती, बोट शेजारी होती, म्हणून शिव्या घालून विषय संपला. संध्याकाळी गोड्या पाण्याच्या टाकीत सगळं धुवायला टाकलं आणि तिथला इन्स्ट्रक्टर टाकीकडे बघतच राहिला. "ह्यो पट्टो तरंगता कसो रे?" पाच पट्टे वर, एक, म्हणजे माझा, तळाला.

खरं नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, घनता १.१४ च्या आसपास, विणीत हवा अडकून सुरुवातीला तरंगेल कदाचित पण दाबून पिळलं की खाली जातं. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ०.९, ते रात्रभर बादलीत ठेवलं तरी वरच. स्वस्तातल्या सॅकचा, बॅगेचा पट्टा बऱ्याचदा याचाच असतो, बोहरी आळीत मीटरवर मिळतो, सॅकला उत्तमच आहे, वाईट काही नाही त्यात. पण अंगाला गुळगुळीत, स्लाइडरमध्ये धरत नाही, आणि बोटीवर उन्हात पडून पडून लवकर खलास होतो. घरी येऊन कॅलिपरने मोजलं तर माझा पट्टा अडीच मिलिमीटर आणि त्यांचा दीडला जेमतेम. टोक लायटरवर धरलं तर माझ्याचा वितळून कडक मणी झाला, त्यांच्याचा मेणबत्तीसारखा भसकन पेटला आणि वासही मेणाचाच. ही सगळी तपासणी पाच मिनिटांची. मी ती सॅम्पलवर पण केली नव्हती आणि पार्सलवर पण नाही, शिक्का बघून गार झालो होतो.

कड्यांचं अजून भारी. एकाची बॅग गाडीच्या डिकीत रविवारपासून बुधवारपर्यंत तशीच ओली पडली होती, उघडली तर डी रिंगच्या वाकात आणि स्लाइडरच्या दातांवर चहासारखे डाग, पट्ट्यावर पण उतरलेले. भोसरीत एका मित्राचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडे धातू तपासायची गन आहे, त्याने माझ्या रिंगवर धरली, मॉलिब्डेनम २.१, निकेल १० च्या वर, म्हणजे अस्सल ३१६. मग त्यांच्या रिंगवर धरली. मॉली नाहीच, निकेल जेमतेम १, मँगनीज ९ च्या पुढे. तो हसायलाच लागला, "अरे हे जे-फोर आहे, स्वस्तातलं स्टेनलेस, जिन्याच्या रेलिंगचं!" म्हटलं मग मॅग्नेट का नाही चिकटलं? तर म्हणे जे-फोरला पण नाही चिकटत, मँगनीज ते काम करतं, आणि उलट अस्सल ३०४ (नेहमीचं चांगलं स्टेनलेस) किंवा ३१६ पण वाकवलं-ठोकलं की त्या जागी थोडं चिकटू शकतं. म्हणजे माझ्या 'पास'ला शष्प अर्थ नव्हता. मॅग्नेटने फार तर साधं लोखंड पकडता येतं. ज्यांच्याकडे गन नाही त्यांनी स्टीलच्या बाजारात मॉली टेस्टचं किट मिळतं ते बघा, केमिकलचा थेंब टाकून बॅटरी लावायची, रंगावरून मॉली कळतं, किट फार महाग नाही. आणि शिक्का? तो पंच मारून कुणीही उठवतो. अगदी ३०४ जरी दिलं असतं ना, तरी धुऊन-पुसून वापरलं असतं, मी एवढा चिडलो नसतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी "सर तुम्ही मीठ धुतलं नसेल". मग "सर सॅम्पल तुम्हीच पास केलं होतं, माझ्याकडे मेसेज आहे". मग मी गनचे आकडे पाठवले तर ब्लॉक. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला तर तो कधीचाच रद्द झालेला, आणि हे मी पैसे पाठवायच्या आधी पण दोन मिनिटांत बघू शकलो असतो. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, तिचं अजून काही झालेलं नाही.

पाचांचे निम्मे पैसे मी दिले, ते नको म्हणत होते तरी दिले. बायको म्हणाली सगळे द्यायला हवे होते, तिचंही बरोबर असेल. आता पट्टा सलग मागवतो, आल्या आल्या टोकाचा वीतभर तुकडा कापून बादलीत टाकतो, आणि ऑर्डर दहाची असो की पन्नासची, प्रत्येक खोक्यातली एक रिंग भोसरीला जाते, मित्र वैतागलाय.

तो माणूस परत आलाय, नवीन नावाने, गेल्या आठवड्यात दिसला, रेट आता ४,८०० आहे. पानावर पहिलाच फोटो माझा आहे, माझ्याच बाल्कनीतला. निळ्या काठाच्या चटईवर मांडलेला हार्नेस दिसला आणि उजव्या कोपऱ्यात तुळशीची कुंडी असेल, तर तो सेट खरा आहे, पण तो माझ्याकडे आहे.