नक्षी कापडावर उतरवायची कशी? भरतकामाच्या पहिल्या नमुन्यासाठी पर्यायांची तुलना

भरतकाम शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी टाक्यांची यादी काढतात. खरं तर धावदोरा, उलटी टीप, साखळी आणि गाठीचा टाका एवढ्यावर कितीतरी सुंदर नमुने पुरे होतात, आणि हे टाके थोड्या सरावाने हाताला बसतात. घोडं अडतं ते त्याच्या आधीच. कागदावर आवडलेली नक्षी कापडावर आणायची कशी? पर्याय पाच-सहा आहेत. त्यांतून निवडताना मी आधी एकच गोष्ट बघते, काम संपल्यावर त्या रेघेचं काय होणार. ती धुऊन जाणार, की टाक्याखाली झाकावी लागणार?

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे तयार संच. छापलेलं कापड, दोरे, सुई, कापड ताणून धरणारी रिंग सगळं हाताशी असतं, त्याच दिवशी सुरुवात होते. आपल्याला हे काम रुचतं का एवढंच पाहायचं असेल तर संच घ्या. मात्र छपाई धुऊन जाणारी आहे की पक्की, हे वेष्टनावर वाचून घ्या. पक्की असेल तर टाका रेघेवरून जरासाही सरकलेला चालत नाही.

मोजून भरायच्या क्रॉस स्टिचमध्ये रेघच नसते. आयडा नावाच्या चौकटीदार कापडावर नमुन्याच्या चौकटी आखलेल्या नकाशात बघून टाके मोजायचे. १४ काउंटच्या आयडावर १ इंचात १४ चौकटी येतात, म्हणजे ७० टाके रुंदीचा नमुना ५ इंचांचा होतो. तोच १८ काउंटवर ४ इंचांहूनही थोडा लहान. सुई बोथट टोकाची लागते. ज्यांना रेषा काढायची धास्ती वाटते आणि मोजण्यात मन रमतं त्यांच्यासाठी हे उत्तम. पण एक चौकट चुकली तर ती बऱ्याच ओळींनंतर लक्षात येते आणि तिथपर्यंत उसवावं लागतं. शिवाय शर्टाच्या खिशावर एखादं फूल हवं असेल तर साध्या विणीच्या त्या कापडावर चौकटी मोजता येत नाहीत.

आता पेन. फिकट, पातळ सुती कापड असेल तर माझी पहिली पसंती यालाच. नक्षीचा कागद खिडकीच्या काचेला चिकटवायचा, त्यावर कापड ताणून लावायचं आणि खालून उजेडात दिसणारी रेघ गिरवायची. पेनं तीन प्रकारची मिळतात आणि त्यांच्यातला फरक दिसतो त्याहून मोठा आहे. निळ्या शाईचं पेन पाण्याने जातं. त्यावर धुण्याआधी इस्त्री फिरवली तर डाग कायमचा बसू शकतो, म्हणून आधी साबणाशिवाय गार पाण्यात भिजवा, रेघ पूर्ण गेल्यावरच इस्त्री करा. जांभळी शाई हवेने आपोआप एक-दोन दिवसांत उडते, दमट हवेत त्याहूनही लवकर. एका बैठकीत होणाऱ्या छोट्या नमुन्यालाच ती बरी. तिसरं पेन उष्णतेने पुसलं जाणारं. इस्त्री फिरवली की रेघ नाहीशी होते, पण ती शाई कापडातच राहते आणि कडाक्याच्या थंडीत पुन्हा दिसू लागते. जपून ठेवायच्या वस्तूवर ते वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

कापड गडद किंवा जाड असेल तर उजेड आरपार येत नाही. तिथे शिवणकामाचा पांढरा किंवा पिवळा कार्बन कागद कामी येतो. कार्यालयातला टंकलेखनाचा कार्बन नको, तो कापडावर पसरतो. शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून गिरवलं की रेघ छान उमटते, पण हात फिरून फिरून ती पुसट होत जाते. इस्त्रीने उमटणारा छापही मिळतो. त्यात नक्षी उलटी येते, हे अक्षरं भरताना विसरू नका. आणि रेघ सहसा पक्की असल्याने ती साखळी किंवा सॅटिनसारख्या भरीव टाक्यांनी झाकावी लागते.

गडद कापड, टी-शर्ट, बारीक तपशिलाची नक्षी अशा ठिकाणी मला पाण्यात विरघळणारा चिकट कागद सगळ्यांत भरवशाचा वाटतो. त्यावर नक्षी काढा किंवा छापा, मागचा थर सोलून कापडावर चिकटवा, कागदासकट टाके घाला आणि शेवटी पाण्यात भिजवा. बुळबुळीतपणा संपेपर्यंत खळबळावं लागतं. मधूनमधून सुई चिकट होते, ती पुसत राहायची. प्रत्येक नमुन्याला नवा कागद लागतो, पेन मात्र पुष्कळ दिवस पुरतं. लोकरी किंवा रेशमी दोऱ्यांच्या कामाला हा कागद नकोच. लाल, गडद निळ्या दोऱ्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून रंग सुटतो का ते पाहा.

म्हणून पहिल्याच वेळी गोंधळ नको असेल तर फिकट सुती कापड, निळं पेन आणि सहा इंचांच्या रिंगमध्ये सहज मावेल अशी १० सेंटीमीटरची नक्षी घ्या. कापड आटू शकतं, म्हणून आधीच धुऊन घ्या. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर वापरा आणि दोरा साधारण ४५ सेंटीमीटरचा कापा. लांब घेतला की तो गुंततो आणि विरतो. पेन कोणतंही असो, त्याच कापडाच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढा, धुवा, वाळू द्या. ती पूर्ण गेली तरच मधोमध नक्षी काढा.