मुंबई–दिल्ली ट्रक: ड्रायव्हर एक की दोन?

स्वतःचा ट्रक दिल्ली फेरीला लावायचा, पण दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार परवडेल का, हा नेहमीचा पेच. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून मर्यादा ठरलेली आहे: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. गाडीची तपासणी, मालाची कागदपत्रं हेही कामाचेच तास, म्हणून स्टिअरिंगवर जेमतेम 7 उरतात.

वेळ: अंतर सुमारे 1400 किमी. भरलेली गाडी सरासरी ताशी 40 ने धरली तर एकट्याचे दिवसाला 280 किमी, म्हणजे 5 दिवस. दोघांत अडीच.

खर्च: दुसरा पगार, दुसरा भत्ता. मात्र महिन्यातल्या फेऱ्या वाढतात. परतीचं भाडं लगेच मिळत नसेल तर हे गणित कोसळतं.

थकवा: इथे दोन्ही पर्यायांची बाजू लंगडी. दोघे असतील तर हादरणाऱ्या बर्थवरची झोप अर्धवटच, त्यामुळे पहाटे 3 ते 5 गाडी धाब्यावर उभीच बरी. एकट्याला रात्रभर झोप मिळते, पण ‘उद्या पोहोच’ असा फोन आला की तीच आधी कापली जाते.

भाजी, फळं, कुरियर असेल तर दोघे. सिमेंट, लोखंड, टाइल्सला एकटा पुरतो. पार्टीला पाचवा दिवस आधीच सांगा.