बंदूक दुरुस्तीचा पहिला संच: पेचकस उत्तम, पंच यथातथा

बंदूक दुरुस्ती शिकायला लागल्यावर सगळ्यांना आधी ट्रिगरला हात घालायचा असतो. आमचे उस्ताद मात्र स्क्रू काढायला बसवतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून हा संच घेतला.

पेचकसाची पाती खरोखर कामाची. साधं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे ते स्क्रूच्या खाचेच्या फक्त वरच्या काठाला टेकतं. जोर लावला की उसळतं, काठ चावला जातो आणि शेजारच्या ब्लूइंगवर, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर, ओरखडा उठतो. यातल्या पात्यांच्या बाजू टोकाशी समांतर घासलेल्या आहेत. पातं खाचेत तळापर्यंत जातं, गच्च बसतं. जुन्या दुनळीच्या स्क्रूंच्या खाची मात्र केसासारख्या बारीक. तिथे सगळ्यात पातळ पातंही शिरत नाही. ते दगडावर घासून बेताचं करावं लागतं, तेही गरम होऊ न देता, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं, कडकपणा जातो.

पंचांबद्दल, म्हणजे पिना ठोकून काढायच्या सळ्यांबद्दल, फारसं बोलण्यासारखं नाही. रोल पिनच्या (पत्रा गुंडाळून केलेल्या पोकळ पिनेच्या) पंचाला टोकाशी मधोमध बोंड लागतं, इथे सगळे सपाट! पितळी हातोडी ठीक. डबी भिकार, झाकण दोनदा निघालं.

पात्यांसाठी घ्या. पंच वेगळे घ्या.