ग्लान्झमान की बर्नार्ड-सुलिए? प्लेटलेट्सच्या दोन उणिवा

गुडघा खरचटला की प्लेटलेट्सना, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशींना, दोन कामं असतात: आधी फाटलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायचं, मग फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाच्या साहाय्याने एकमेकींना घट्ट धरायचं. १९४८ साली नोंदलेल्या बर्नार्ड-सुलिए आजारात पहिलं काम अडतं, १९१८ सालच्या ग्लान्झमानमध्ये दुसरं. बाहेरून दोन्ही सारखेच. घोळणा फुटतो नि थांबत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, पाळीत अतोनात जातं.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की फरक दिसतो. बर्नार्ड-सुलिएत प्लेटलेट्स कमी, पण काही तर तांबड्या पेशीएवढ्या थोराड. यंत्राच्या मोजणीतून त्या निसटतात. मग आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करतं तो आजार) समजून लेकराला उगाच स्टेरॉइड दिली जातात, कधी प्लीहाही काढली जाते. याची मला फार चीड येते, कारण काचपट्टी नीट पाहणं काही मिनिटांचं काम आहे. ग्लान्झमानमध्ये आकडा १.५ ते ४.५ लाखांतच, आकारही नेहमीचा. रिपोर्ट ‘नॉर्मल’, आणि ‘उष्णता असेल’ म्हणून आईची बोळवण होते. तिथे अ‍ॅग्रिगेशन चाचणीच हवी, म्हणजे रिस्टोसेटिनसारखी निरनिराळी रसायनं घालून प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात का ते पाहणं. ग्लान्झमानच्या प्लेटलेट्स रिस्टोसेटिन सोडून कशालाच दाद देत नाहीत, बर्नार्ड-सुलिएच्या नेमक्या रिस्टोसेटिनलाच देत नाहीत.

अ‍ॅस्पिरिन मात्र दोघांनाही वर्ज्य.