धंतोलीतील एक खासगी रुग्णालय : शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि परिचर्या

आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही नागपूरच्या धंतोलीतील जे खासगी रुग्णालय निवडले, तेथील स्वच्छता, जेवण आणि शल्यचिकित्सकांचे कौशल्य यांबद्दल तक्रारीला जागा नाही. हे परीक्षण शस्त्रक्रियेनंतर परिचारिकांनी रुग्णाचे दुखणे कसे हाताळले, एवढ्यापुरतेच आहे. कारण रुग्णालय ठरवताना हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि पहिल्या रात्री दुसरे काही सुचत नाही.

येथे प्रत्येक पाळीत सिस्टर येऊन शून्य ते दहापैकी किती दुखते, असे विचारतात आणि आकडा फाइलमध्ये लिहितात. पद्धत योग्यच आहे, परंतु उमरेडकडच्या आमच्या आईला दुखणे आकड्यांत सांगता येईना. "लय दुखून राहिलं व माय," ती म्हणाली आणि तरुण सिस्टरने क्षणभर विचार करून चार लिहिले. अशा रुग्णांसाठी चेहऱ्यांच्या चित्रांची पट्टी असते. ती भिंतीवर होतीही, पण खाटेच्या डोक्याशी, म्हणजे रुग्ण सोडून सर्वांना दिसेल अशी!

खरी उणीव औषध दिल्यानंतरची आहे. पॅरासिटामॉलची सलाईन पंधरा-वीस मिनिटांत संपते. त्यानंतर अर्ध्या-एक तासाने उतार पडला का, हे पुन्हा विचारून नोंदवायला हवे. फाइलमधला तो रकाना बहुधा कोराच होता. मध्यरात्री दुखणे वाढले, तेव्हा गरजेनुसार द्यायच्या औषधाची, म्हणजे एसओएस ऑर्डर लिहिलेलीच नव्हती, आणि परिचारिकेला स्वतःच्या अधिकारात औषध वाढवता येत नसल्याने निवासी डॉक्टर येईपर्यंत आई कण्हत राहिली. सिस्टर तळमळीने फोन करत होत्या. दोष त्यांचा नव्हे, ऑर्डर न लिहिणाऱ्यांचा आहे.

काकांची अशीच शस्त्रक्रिया पूर्वी शहरातील एका सरकारी रुग्णालयात झाली होती. तेथे आकडा कोणी विचारला नाही आणि काही औषधे बाहेरून आणावी लागली. तरी तिथल्या वयस्कर सिस्टर दोन पायांच्या मध्ये उशी ठेवून, दोघींनी मिळून काकांना कूस बदलून देत, ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास इंजेक्शन देत आणि पुढच्या फेरीत कपाळावरच्या आठ्या पाहून "आता कसं वाटते, काका?" असे विचारत. भरलेल्या वॉर्डात ही नजर सर्वांपर्यंत पोहोचत नव्हती, हेही खरे. जो ओरडत नाही, तो मागे राहत असे.

कर्करोगाच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेल्या तत्त्वांत औषध घड्याळाप्रमाणे द्यावे, दुखणे उफाळण्याची वाट पाहू नये, असे आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांना हे तितकेच लागू पडते. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, आणि एवढे बिल घेणाऱ्या रुग्णालयाकडून ही अपेक्षा जास्त नाही.

सिस्टरांच्या वागणुकीला मी पाचपैकी चार आणि वेदनाशमनाच्या व्यवस्थेला अडीच गुण देईन. येथे दाखल होणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संध्याकाळच्या राउंडमध्येच रात्रीच्या औषधाची ऑर्डर लिहून घ्यावी आणि ती रात्रपाळीच्या सिस्टरांना दाखवून ठेवावी.